मानाचे आकडे

गाईला रविवार नसतो. तिला दिवाळी नसते, मतदानाची सुट्टी नसते, आणि दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात बसणाऱ्या बाईची पोर घाटाखाली रत्नागिरीला राहते, हेही तिला कुणी सांगितलेलं नसतं. सकाळ झाली की ती दूध देते आणि संध्याकाळ झाली की पुन्हा देते. माझा गाईवर राग नाही. पण त्या दिवसांत, खरं सांगते, रस्त्यात आडवी बसलेली गाय दिसली तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

त्या दिवसांत म्हणजे अगदी अलीकडेच. मी नगरला एका दूध संघात नोकरीला होते. संघाची संकलन केंद्रं जिल्हाभर पसरलेली: वर अकोल्याच्या डोंगरात, इकडे बेलापूर-श्रीरामपूरच्या बागायतीत, खाली कर्जतच्या कोरड्या पट्ट्यात. केंद्रावर शेतकरी कॅन घेऊन येतो, वजन होतं, फॅट लागते, आणि ते आकडे तिथल्या तिथे नगरच्या मुख्य कॉम्प्युटरकडे जातात. नगरहून उत्तर आलं की केंद्रावरच्या छोट्या यंत्रातून पावती निघते. पावती निघाली की शेतकरी घरी जातो, आणि सगळ्यांच्या पावत्या निघाल्या की टँकर हलतो. मधली वाट तुटली की पावती नाही. हाताने लिहिलेल्या पावतीवर पूर्वी इतकी भांडणं झाली होती की आता ती कुणी हातात धरायलाही तयार नव्हतं. मग रांग थांबते, टँकर थांबतो, दूध तापायला लागतं आणि माझा फोन वाजतो.

ही सगळी केंद्रं एकमेकांना जोडणं, कुठल्या केंद्राला कुठला पत्ता द्यायचा आणि कुणाची माहिती कुठल्या वाटेने जायची हे ठरवणं, हे माझं काम. काम मला आवडायचं. ते मला सोडेना, एवढीच अडचण होती.

माझा नवरा मूळचा रत्नागिरीचा. सरकारी नोकरीत, इतकी वर्षं नगरला. सासूबाई तिकडे एकट्या होत्या, म्हणून त्याने गावाकडे बदली मागितली होती. अर्ज आम्ही दोघांनी मिळूनच लिहिला होता. बदली आली ती शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. मुलगी तेव्हा पहिलीतून दुसरीत जाणार होती. तिचं वर्ष मोडू नये म्हणून ती आणि तो पुढे गेले. मी संघाला राजीनामा दिला, तिकडे एका कॉलेजात माझ्याजोगी जागाही होती, आणि मुलीला मी स्टँडवर सांगितलं की दोन महिन्यांत मी येतेच. सांगताना माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

संघाने राजीनामा मंजूर केला, पण एका अटीवर. जाळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सुरळीत द्या आणि मग जा. अट रास्त होती. मीही तेच म्हणाले असते. फक्त ते जाळं दुसऱ्या कुणाच्या हातात मावत नव्हतं. ते असं का झालं होतं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी कामाला लागले तेव्हा सगळ्या केंद्रांचे पत्ते एकसारखेच होते. कॅमेरे बसवणारा एक माणूस गावोगाव फिरला होता आणि त्याने प्रत्येक केंद्रात तेच आकडे टाकून दिले होते. केंद्रं सुटी होती तोवर चाललं. जोडायला घेतली तेव्हा कळेना की कुठल्या केंद्राचं काय. एका गावात प्रत्येक घराला एकच नंबर दिल्यावर पोस्टमनने काय करायचं, तशी गत.

म्हणून मी नव्याने आराखडा केला. आमचा पत्ता चार आकड्यांचा: पहिले दोन संपूर्ण संघाचे, तिसरा केंद्राचा, चौथा केंद्रातल्या यंत्राचा. सगळी गंमत तिसऱ्या आकड्यात. डोंगरातली सगळी केंद्रं मी सोळा ते एकतीसमध्ये बसवली, उत्तरेकडची बत्तीस ते सत्तेचाळीसमध्ये, दक्षिणेकडची अठ्ठेचाळीस ते त्रेसष्टमध्ये. प्रत्येक गटात पुढच्या केंद्रांसाठी थोडी जागा मोकळी. असं केलं की नगरच्या राउटरला, म्हणजे वाटा दाखवणाऱ्या यंत्राला, डोंगरातलं एकेक गाव पाठ करावं लागत नाही. सोळा ते एकतीस काहीही असो, अकोल्याकडे पाठवून दे, एवढी एक ओळ पुरते. पुढचं अकोले बघून घेतं. त्या आराखड्यावर मी खूश होते. घरी नवऱ्याला दाखवला, आणि त्यातलं काही न कळूनही त्याने मन लावून पाहिला.

संचालक मंडळाची बैठक झाली. आराखडा पडद्यावर लावला. चेअरमनसाहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि आपल्या गावाचं नाव शोधलं.

"ताई," ते म्हणाले, "आमच्या गावाला छत्तीस नंबर कसा काय पडला?"

मी सांगितलं की गाव उत्तरेकडे आहे, आणि उत्तरेचा गट बत्तीसपासून सुरू होतो.

"संघ आमच्या गावात सुरू झाला. पयला कॅन आमच्या आज्यानं घातला. आन आमी छत्तीसावे?"

"साहेब, हा नंबर कुणाला दिसत नाही. पावतीवर नाही, कशावर नाही. तो फक्त यंत्रांना लागतो."

"कुनालाच दिसत न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग आमाला एक दिला तर बिघडतं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सोळाच्या गटांचं आणि वाटांच्या ओळींचं होतं, आणि मी ते द्यायला तोंड उघडेपर्यंत कर्जतकडचे संचालक म्हणाले होते की मग दोन आमचा. अकोल्याचे उठून उभेच राहिले. "डोंगरातली मानसं म्हनून आमाला कायम मागं ढकलायचं व्हय? तीन आमचा लिवा." पुढे कुणी चार मागितला, कुणी पाच. वादावादी झाली, एकाने केंद्र कधी सुरू झालं ते काढलं, दुसऱ्याने कोण किती दूध घालतं ते काढलं. शेवटी एकाची नजर माझ्या मोकळ्या जागांवर गेली.

"ह्या मोकळ्या जागा कुनासाठी राखल्यात?"

"नवीन केंद्रांसाठी."

"नवीन केंद्र? कोन काढतंय? आमच्या कानावर तर काय न्हाई आलं."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी कुणाच्यातरी नकळत आपल्या माणसाला केंद्र मिळवून देतंय, असा वास सगळ्यांना एकदम आला. मी कितीही समजावलं तरी तो वास जाईना. जनरल मॅनेजरांनी टेबलाखालून मला गप्प बसायची खूण केली. ते माझे वरिष्ठ; भला माणूस, पण मंडळापुढे त्यांचा आवाज घशातच राहायचा. बैठक संपली तेव्हा मोकळ्या जागा गेल्या होत्या आणि आकडे मानाप्रमाणे लागले होते: संस्थापकांचं गाव एक, मग मोठ्यांची गावं, मग मधल्यांची, आणि ज्यांचा कुणी संचालक नव्हता ती शेवटी. अकोले तीन आणि त्याच्या शेजारचं राजूर सतरा.

मी बाहेरची असते तर नुसती हसले असते. पण माझं माहेर कर्जत तालुक्यातलंच. आमच्या गावात यात्रेच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, पाण्याचा हंडा कुणाचा हे ठरलेलं आहे, आणि माझे वडील एरवी शांत माणूस असूनही आमच्या हंड्याचा मान चुकला तेव्हा वर्षभर पाटलांशी बोलले नव्हते. मान म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. तो राउटरच्या पोटात शिरेल, असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. आकडे विस्कटल्यामुळे एका ओळीत गट मावेना. प्रत्येक केंद्रासाठी वेगळी ओळ, तीही नगरला, अकोल्याला, बेलापूरला आणि कर्जतला अशी चारही ठिकाणी. एक वाट तुटली तर दुसरीने जावं म्हणून पर्यायी ओळी, त्याही तितक्याच. वाटा आपोआप शिकून घेणारी पद्धत असते, पण तिला सगळीकडे बरी यंत्रं लागतात, आणि इथे प्रत्येक केंद्राने आपापल्या पाहुण्याच्या दुकानातून राउटर उचलला होता. त्यामुळे सगळं हाताने लिहायचं. नवीन केंद्र निघालं की चारही ठिकाणी भर. ओळ चुकली की कुठलंतरी गाव बंद. मी हे सगळं नीट लिहून ठेवलेलं होतं, काही लपवलं नव्हतं. पण लिहिलेलं वाचून ते चालवता येणं वेगळं. माझ्या जागी नाशिकहून एक अनुभवी गृहस्थ आले, आठवडाभर बसले आणि शनिवारी डबा बंद करता करता म्हणाले, "मॅडम, हा गुंता तुमच्याच हातचा आहे, तो तुम्हीच सांभाळा." सोमवारी ते आले नाहीत. त्यांच्यानंतर आलेल्याने एवढंही सांगितलं नाही.

दोन महिने गेले, दिवाळी गेली. कॉलेजने जूनपर्यंत वाट बघितली आणि जागा भरून टाकली.

त्यानंतर खरं तर मला संघाच्या कागदाची गरज उरली नव्हती. नोकरीच नाही तर अनुभवाचा दाखला कुणाला दाखवायचा? उठून निघून जाता आलं असतं. बहिणीने फोनवर मला तेच सुनावलं, जरा वरच्या पट्टीत. मी तिच्यावर चिडले, कारण तिचं बरोबर होतं. पण राजूरच्या केंद्रावर मी सकाळच्या रांगेत उभी राहिले होते. वरच्या वाड्यांवरून बायका डोक्यावर कॅन घेऊन उतरतात. पावती निघेना की त्या खाली बसतात, रागावत नाहीत, नुसत्या बसून राहतात. त्यांना तसं बसवून मी रत्नागिरीला समुद्र बघत बसले असते, असं माझ्याने होईना. हा चांगुलपणा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी अडकले होते आणि कुणी मला बांधलेलंही नव्हतं, याचा मला भयंकर संताप यायचा.

सावेडीतल्या दोन खोल्यांत मी एकटी राहायचे. फोन अंघोळीच्या वेळी न्हाणीघराच्या खिडकीत असायचा. सिनेमाला जायचं सोडलं होतं, माहेरी जायचं तर दुपारचं, दोन दुधांच्या मधल्या वेळात. मुलीशी बोलणंही त्याच वेळात किंवा संध्याकाळचं दूध सुरू व्हायच्या आत. सुरुवातीला ती फोन ठेवू द्यायची नाही. मग तिला माझ्या वेळा कळल्या. एकदा शाळेतली कसलीशी गोष्ट सांगता सांगता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, तुझं दूध आलं असेल. ठेवते हं." आणि ठेवलाही. गोष्ट अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर तिला ती आठवेना.

पुढे पुढे ती काही विचारायचं झालं तर फोन हातात असतानाही मान वळवून आजीला विचारायची. मी पडद्यावर समोर असायचे. सासूबाईंना ते जाणवायचं. त्या म्हणायच्या, "अगो, आईला विचार." मग ती मला विचारायची. नवरा आताशा 'कधी येणार' विचारत नव्हता. तो विचारायचा तेव्हा मी वैतागायचे, आणि विचारेनासा झाला तेव्हा मला रडू यायला लागलं.

गणपतीला जायचं मात्र मी ठरवलंच होतं. सासरी गणपती म्हणजे सगळं घर गोळा होतं, आणि मुलीने सजावटीत एक कोपरा माझ्यासाठी राखून ठेवला होता; तिथे मी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून काहीतरी करायचं होतं. काय ते ती सांगत नव्हती. मी सगळ्या वाटा दोनदा तपासल्या, जनरल मॅनेजरांना सांगितलं आणि सकाळचं दूध उरकल्यावर पुण्याची बस धरली.

पुण्याच्या स्टँडवर उतरले आणि फोन वाजला. अकोल्याहून नगरकडे येणारी तार रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली होती. त्याने बिघडायला नको होतं, कारण डोंगरातलं सगळं बेलापूरमार्गे वळायची सोय मी केलेली होती. ते वळलंही. फक्त राजूर नाही. राजूर बंद म्हटल्यावर माझ्या लगेच लक्षात आलं. सतरा नंबरची बेलापूरमधली पर्यायी ओळ जुनीच राहिली होती, नगरकडे बोट दाखवणारी. म्हणजे नगर म्हणत होतं बेलापूरला जा, आणि बेलापूर म्हणत होतं नगरला जा. माहिती बिचारी दोघांच्या मधे येरझाऱ्या घालून दमून मरत होती.

दुरुस्ती एका ओळीची. पण बाहेरून आत शिरायची वाट मंडळाने कुठल्याशा व्हायरसच्या धास्तीने ठराव करून बंद केली होती. ती ओळ बदलायची तर नगरच्या माझ्याच खुर्चीत बसून. मी जनरल मॅनेजरांना फोनवर एकेक अक्षर सांगून पाहिलं. त्यांनी मनापासून प्रयत्न केला आणि कर्जतही बंद पाडलं.

संध्याकाळचं दूध यायला अवकाश होता. आत्ता परत निघाले तर वेळेत पोहोचणार होते. रत्नागिरीची गाडी समोर लागलेली होती. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं." मी म्हणाले, मुलीला दे. तो म्हणाला, "नको, मी सांगतो तिला."

नगरच्या गाड्या लागतात तिथे मी बॅग घेऊन उभी राहिले. डोळे पुसत होते आणि लोक बघत होते, बघू देत म्हटलं. गाडी आली. पाटीवर नवीन नाव, अहिल्यानगर, ताज्या रंगात. एका म्हाताऱ्या बाबांनी पाटी नीट वाचली आणि तरीही कंडक्टरला विचारलं, "ही नगरला जाती न्हवं?" कंडक्टर म्हणाला, "तिकडंच जाती बाबा, बसा."

मी बसले. शिरूर येईपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. मग हळूहळू ती पाटी डोक्यात शिरली. पाटी बदलली आणि गाडी त्याच रस्त्याने चालली होती. पाटी माणसांसाठी होती. ड्रायव्हर काही पाटी वाचून गाडी चालवत नव्हता. मी मंडळाला इतके दिवस सांगत होते की तुमचा मान दिसत नाही, म्हणून तो सोडा. असं सांगून कुणी मान सोडतं का? माझ्या वडिलांनी सोडला असता? त्यापेक्षा त्यांना तो दिसेल असा द्यायचा, चांगला ढळढळीत, आणि पोटातले आकडे आपल्या हातात घ्यायचे.

राजूर मी सुरू केलं, कर्जतही केलं. आणि पुढच्या बैठकीत उभी राहिले.

"साहेब," मी चेअरमनांना म्हणाले, "एक नंबर तुमच्याच गावाचा. आजवर तो कुणाला दिसत नव्हता, आता दिसेल. फाटकावर मोठी पाटी, केंद्र क्रमांक एक. पावतीवर छापून येईल, अहवालातही येईल. सगळ्या केंद्रांचं तसंच, ठरलेल्या क्रमाने. मी फक्त यंत्राच्या पोटातला आकडा बदलते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोटातला म्हंजी तो कुनाला दिसत न्हाई तो?"

"तोच."

"मग तो काय बी टाका की," ते म्हणाले. "आमाला काय करायचंय त्याचं?"

मला हसू आलं नाही. मी खुर्चीचा हात धरून खाली बसले. माझ्या पोरीचं जवळजवळ अख्खं दुसरीचं वर्ष आणि त्यापुढचा गणपती एका पत्र्याच्या पाटीवर अडला होता. मंडळात तोवर पाट्यांच्या आकारावर चर्चा सुरू झाली होती. सगळ्या सारख्या असाव्यात की एक नंबरची मोठी, यावर चांगलीच जुंपली. मोकळ्या जागांबद्दल या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही, कारण पडद्यावर मी आकडे लावलेच नव्हते, पाट्यांची चित्रं लावली होती.

मग बदलायचं काम. ते नगरमध्ये बसून होत नाही. ज्या वाटेने केंद्रात शिरायचं तीच वाट बदलायची असते, त्यामुळे बदल केला की आपणच बाहेर फेकले जातो. प्रत्येक केंद्रावर जाऊन, सकाळचं दूध संपल्यावर आणि संध्याकाळचं यायच्या आत. डोंगरात जीपने, कर्जतला एसटीने. भंडारदऱ्याच्या वरच्या एका केंद्रावर धुकं इतकं होतं की खोलीतही बॅटरी लावून काम केलं. सगळं हवेत लटकलेलं असायचं त्या तासांत: अर्धी केंद्रं जुन्या आकड्यांवर, अर्धी नव्या. दोन्ही सांभाळायचे. मला आठवड्याची सुट्टी कशाला म्हणतात ते आठवत नव्हतं आणि मुलीचा आवाज आठवून बघावा लागत होता. मी तिला तारीख सांगितली नाही. तिनेही विचारली नाही.

शेवटचं केंद्र चेअरमनसाहेबांच्या गावचं. फाटकावर लाल पाटी, केंद्र क्रमांक १, बाकीच्यांपेक्षा हातभर मोठी. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. बाहेर ते चालू असताना मी आतल्या खोलीत बसून छत्तीस टाकला.

नगरला येऊन राउटर उघडला. जिथे पानंच्या पानं होती तिथे तीन ओळी होत्या. डोंगर अकोलेमार्गे, उत्तर बेलापूरमार्गे, दक्षिण कर्जतमार्गे. पर्यायी वाटांच्या आणखी तीन. मी त्या बघत बसले. माझ्या जागी संघाने पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एक बाई घेतल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, वाचलं आणि मला विचारलं, "एवढंच?" मी म्हणाले, एवढंच. दुपारपर्यंत त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी चुकूनही जुन्या भानगडीबद्दल विचारलं नाही, आणि मला एकदम रिकामं वाटलं. इतकं सोपं होतं तर मी इथे काय करत होते, असं.

शाल, श्रीफळ, दोन भाषणं. जनरल मॅनेजर म्हणाले, "अडलं तर फोन करतो हं ताई." मी म्हणाले, "नका करू." ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

रत्नागिरीला पोहोचले तेव्हा सकाळ वर आली होती. नवरा स्टँडवर आला होता. आम्ही रिक्षात बसलो. त्याने माझा हात धरून ठेवला होता. अंगणात उतरले. तो रिक्षातून बोचकी काढत होता. सासूबाई ओटीवर होत्या, त्यांनी आत हाक मारली.

मुलगी दारात आली. उंच झाली होती, पडद्यावर ते कळलं नव्हतं. केस लांब वाढलेले, कुणीतरी छान दोन वेण्या घातलेल्या. ती हसली. मी हात पुढे केले. पण ती वळून आत गेली.

परत आली ती हातात ताटली घेऊन. ताटलीत पाण्याचा पेला. पाणी सांडू नये म्हणून नजर पेल्यावर ठेवून, हळूहळू पाऊल टाकत. बाहेरून घरी कुणी आलं की असं पाणी द्यायचं, हे तिला आजीने शिकवलं होतं, आणि ती ते अगदी नीट करत होती. तिने ताटली माझ्यासमोर धरली.

"आई, बस ना," ती म्हणाली. "आजी चहा टाकतेय. की तुला लगेच निघायचंय?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी आता इथेच राहणार."

तिने माझ्याकडे नाही, आजीकडे पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली, खरं आहे अशी.

"बरं," ती म्हणाली, आणि पेला परत न्यायचा म्हणून मी पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.